गेटवरचा ड्रायव्हर आणि कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर

ट्रक भरला, ताडपत्री बांधली, दोऱ्या आवळल्या. तरी गाडी गेटवरच उभी, कारण बिलाचा कागद हातात नाही. डिस्पॅचचा क्लार्क आयटीवाल्यांना फोनवर ओरडून सांगतोय, "ड्रायव्हर उडालाय!" आणि वॉचमन बुचकळ्यात, कारण ड्रायव्हर तर त्याच्या शेजारीच तंबाखू मळत बसलाय. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ज्यांनी कारखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळली आहेत, त्यांना हा प्रसंग नवा नाही. माल तयार असतो, सर्व्हर चालू असतो, प्रिंटरचा हिरवा दिवाही लागलेला असतो. घोडं अडतं ते मधल्या एका छोट्याशा प्रोग्रॅमपाशी.

त्या प्रोग्रॅमचं काम दुभाष्याचं. छपाईच्या क्षणी प्रिंटरला अक्षर कळत नाही, ठिपका कळतो. इंचाला ६०० ठिपके धरले, तर ए-फोर कागदावर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. त्यांतला कुठला काळा आणि कुठला कोरा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. शिवाय कागद कुठल्या ट्रेमधून ओढायचा, पाठपोट छापायचं का, हेही प्रिंटरला त्याच्याच भाषेत सांगायचं. आणि भाषा तरी किती! एचपीची पीसीएल, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, एप्सनची ईएससी/पी. त्यातही प्रत्येक मॉडेलची बोली वेगळी. ही भाषांतरं करणारा तो ड्रायव्हर.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हा दुभाष्या वेगळा नव्हता. बिलाचा प्रोग्रॅम अक्षरं थेट केबलमधून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे सोडायचा आणि मधेमधे २७ क्रमांकाचा एस्केप कोड पेरायचा, म्हणजे ‘पुढचं अक्षर छापू नकोस, हुकूम समज’ अशी खूण. एप्सनच्या प्रिंटरला एस्केप आणि त्यामागे ई पाठवलं की अक्षर ठळक, एस्केप आणि एफ पाठवलं की पुन्हा साधं. संपला व्यवहार. अडचण एवढीच की प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक प्रिंटरचे कोड स्वतः पाठ करावे लागत. विंडोजने हे ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतलं: प्रोग्रॅमने फक्त पान रंगवायचं, पुढचं ड्रायव्हर बघेल. एक टेबल, एक माणूस, एक प्रिंटर असेल तर ही सोय उत्तमच.

पण कारखान्यातलं सॉफ्टवेअर टेबलावर बसत नाही. ते सर्व्हरवर पडद्याआड चालतं, आणि रात्री तीन वाजता त्याने लेबल सोडलं तर तिथे माऊस धरायला कुणी नसतं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने अशा पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमांना वेगळ्या सत्रात टाकलं. त्या सत्राचा पडदा कुणालाच दिसत नाही. आता एखाद्या ड्रायव्हरने तिथे खिडकी उघडून विचारलं, "कागदाचा आकार जुळत नाही, पुढे जाऊ का?" तर उत्तर देणार कोण? खिडकी तशीच उघडी, मागे बिलांची रांग. मी स्वतः एका कारखान्यात यापायी अख्खी रात्र काढली आहे. सकाळी कळलं, की न दिसणाऱ्या एका ‘ओके’च्या बटणावर सगळं थांबलं होतं.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरांनी फार आधीपासून पळवाट शोधली होती. कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॅपसारख्या प्रणालीत प्रिंटरची नोंद करतानाच तो कुठल्या जातीचा आहे हे सांगता येतं. मग पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट सॅप स्वतःच तयार करते आणि ते नेटवर्कवरून थेट प्रिंटरकडे जाऊ शकतं, बहुधा त्याच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्ककडे उघडणाऱ्या दारावर. विंडोजच्या ड्रायव्हरला मधे विचारायचंच नाही. ‘ड्रायव्हरलेस’, म्हणजे ड्रायव्हरविना छपाई, हा शब्द आज नवा वाटतो, पण कारखान्याला त्याचं फारसं अप्रूप नसावं ते यामुळे.

याचं सगळ्यात चोख रूप बघायचं तर खोक्यावर चिकटवलेलं लेबल बघा. लेबल प्रिंटरच्या जगात झेब्रा कंपनीची झेडपीएल ही भाषा जवळजवळ राजभाषा आहे. सुरुवातीला कॅरेटचं चिन्ह (^) आणि एक्सए, शेवटी कॅरेट आणि एक्सझेड. मधे ‘इतक्या ठिपक्यांवर जा, हा मजकूर लिही, इथे बारकोड काढ’ अशी साधी हुकूमवजा वाक्यं. १०० बाय १५० मिलिमीटरचं लेबल, मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे एकूण ९ लाख ६० हजार ठिपके. ड्रायव्हरने चित्र करून पाठवलं तर, दाबून लहान केलं नाही तर, १ लाख २० हजार बाइट जातात. तेच झेडपीएलमध्ये काहीशे अक्षरांत भागतं. त्याहून पुढे जाऊन लेबलाचा साचा प्रिंटरच्या पोटातच साठवता येतो. मग दर वेळी फक्त पार्ट नंबर, बॅच आणि संख्या पाठवायची.

बाइट वाचतात हे ठीक, पण खरं कारण बारकोडात आहे. कोड १२८ या प्रकारात शेवटचं थांब्याचं चिन्ह सोडलं तर प्रत्येक चिन्ह ११ एककं रुंद असतं: तीन काळ्या पट्ट्या, तीन कोऱ्या फटी, प्रत्येकाची रुंदी एक ते चार एककं. स्कॅनर या रुंद्यांचं एकमेकींशी प्रमाण वाचतो. एक एकक म्हणजे दोन ठिपके ठेवले, तर एक चिन्ह बरोबर २२ ठिपक्यांत बसतं. आता ड्रायव्हरमध्ये कुणीतरी ‘पानात बसवा’वर टिचकी मारली आणि चित्र पाच टक्क्यांनी आकसलं. २२ चे झाले २०.९. प्रिंटरला ०.९ ठिपका छापता येत नाही. तो कुठेतरी ठिपका गाळतो, आणि दोन ठिपक्यांची एखादी पट्टी एकाच ठिपक्याची होते. म्हणजे रुंदी निम्मी! डोळ्याला लेबल झकास दिसतं. गिऱ्हाईकाच्या गोदामात मात्र स्कॅनर वाचायला नकार देतो आणि माल परत येतो. झेडपीएलमध्ये ‘एकक दोन ठिपक्यांचं’ असं सरळ लिहिलेलं असतं आणि पट्ट्या प्रिंटर स्वतः आखतो. आकसायला मधे कुणी नसतोच.

ऑफिसच्या प्रिंटरांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९९९ साली इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, प्रसिद्ध झाला. वेबपेजं ज्या एचटीटीपीवरून येतात त्याच्याच पाठीवर बसून तो चालतो, पोर्ट ६३१. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रिंटरची मुलाखत घेता येते. तुझ्याकडे कुठले कागद आहेत? रंगीत छापतोस का? कुठल्या प्रकारची फाइल समजते? प्रिंटर यादी वाचून दाखवतो आणि त्याप्रमाणे त्याला पीडीएफ किंवा ठरलेल्या साच्यातलं ठिपक्यांचं चित्र धाडलं जातं. कल्पना चांगली होती, पण बरीच वर्षं ड्रायव्हरांचंच राज्य टिकलं. ते हललं फोनमुळे. फोनमध्ये हजारो मॉडेलांचे ड्रायव्हर कोण भरत बसणार? २०१० च्या नोव्हेंबरात अॅपलने एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये प्रिंटर कंपन्यांच्या ‘प्रिंटर वर्किंग ग्रुप’ने ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक दिलं, आणि त्याच वर्षी कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून फोनवरून छपाई सोपी करण्यासाठी मोप्रिया ही संघटना काढली. आता घरचा प्रिंटर वायफायवर दिसतो आणि मुकाट छापतो, तो या मुलाखतीच्या जोरावर.

विंडोजला या वाटेला ढकललं ते मुख्यतः सुरक्षेच्या धास्तीने. छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो. इराणच्या नतान्झमधल्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजांवर सोडलेला आणि २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम ज्या भगदाडांतून पसरला, त्यांत एक भगदाड या स्पूलरमधलं होतं. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेल्या दोषामुळे तर साध्या वापरकर्त्यालाही ड्रायव्हर बसवण्याच्या मिषाने अख्ख्या मशीनचा ताबा मिळवता येत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत पुरवणं टप्प्याटप्प्याने बंद होणार. पुढे विंडोजचा स्वतःचा एकच, आयपीपी बोलणारा ड्रायव्हर.

बघा, ‘ड्रायव्हरलेस’ म्हणताना शेवटी एक ड्रायव्हर राहिलाच. दुभाष्या नोकरीतून गेलेला नाही, त्याची बदली झाली आहे. मॉडेलनिहाय बारकावे प्रिंटरच्या आत सरकले, कॉम्प्युटरकडे सगळ्यांना चालेल अशी एकच सामायिक भाषा उरली. आणि बदलीने सगळे दोष जातात असंही नाही. २०२४ मध्ये लिनक्सवरच्या कप्स या छपाईप्रणालीच्या एका भागात दोष सापडला. नेटवर्कवरून कुणीही "मी प्रिंटर आहे" असं म्हटलं की तो भाग विश्वास ठेवायचा. मुलाखतीत त्या तोतयाने दिलेल्या उत्तरांत आज्ञा लपवलेली असायची, आणि वापरकर्त्याने त्याच्याकडे काही छापायला पाठवलं की ती कॉम्प्युटरवर चालायची. मुलाखत घ्यायची तर ओळखपत्र आधी तपासावं, ही गोष्ट हापिसातल्या वॉचमनलासुद्धा ठाऊक असते.

कारखान्यासाठी आयपीपीचा मला दिसणारा मोठा फायदा वेगळाच आहे. ९१०० पोर्टवर माल ढकलला की पाठवणाऱ्याला एवढंच समजतं की बाइट पोचले. छापलं का, हे समजत नाही. झेब्राचे प्रिंटर विचारलं तर कागद संपल्याचं, झाकण उघडं असल्याचं सांगतात, पण सॉफ्टवेअरने विचारायला हवं ना! बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. मग शाईची रिबन संपली, चार लेबलं कोरी निघाली, ऑपरेटरने पुन्हा बटण दाबलं, आणि एकाच अनुक्रमांकाची दोन लेबलं दोन खोक्यांवर गेली. औषधाच्या कारखान्यात ही भानगड ऑडिटपर्यंत जाते. आयपीपीत प्रत्येक कामाला क्रमांक असतो, स्थिती असते: रांगेत, चालू, थांबलं, पूर्ण, थांबलं तर का थांबलं तेही. लेबल प्रिंटरांत ही भाषा अजून ऑफिसइतकी रुळलेली नाही.

आणि मराठीचं काय? इथे थेट छपाईची गंमत ओसरते. ‘किंमत’ हा शब्द कॉम्प्युटरच्या स्मृतीत आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी असा साठवलेला असतो. कागदावर वेलांटी आधी यायला हवी. ‘क्ष’, ‘त्र’, रफार या सगळ्यांसाठी अक्षरांची जुळणी करणारं वेगळं यंत्र लागतं. विंडोजचा ड्रायव्हर मधे असताना ही जुळणी त्याच्या आधी विंडोजमध्येच होऊन जायची, कुणाला पत्ताही लागायचा नाही. जुळणीची सोय नसलेल्या लेबल प्रिंटरला नुसता युनिकोड मजकूर धाडला तर वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते, नाहीतर ओळभर चौकोन येतात. त्यामुळे उपाय जुनाच: मराठी ओळ सर्व्हरवर जुळवायची, तिचं ठिपक्यांचं चित्र करायचं आणि तेवढंच चित्र झेडपीएलच्या आज्ञांमध्ये घुसवायचं. बाजूचा बारकोड प्रिंटर स्वतः आखतो, इंग्रजी पार्ट नंबर स्वतः लिहितो. त्याच्यालेखी ‘किंमत’ हा शब्द नसतो, कंपनीच्या लोगोसारखं एक चित्र असतं, आणि ते तो निमूटपणे छापतो.