वैद्यकीय महाविद्यालयांतील कृष्णवर्णीय इतिहास महिना

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत दर फेब्रुवारीत विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने पाळला जाणारा स्मरणमास आणि त्याला जोडून वर्षभर चालणारी आरोग्य-समतेची चळवळ. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या सप्ताहाचा १९७६ मध्ये महिना झाला. ब्रिटनमध्ये तो ऑक्टोबरात असतो.

अनेक महाविद्यालयांत या महिन्याची धुरा स्टुडंट नॅशनल मेडिकल असोसिएशन या कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनेची शाखा वाहते. वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी ही संघटना १९६४ मध्ये स्थापली. सुरुवात याच दोन ठिकाणांहून झाली, यामागे वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणारा १९१० चा फ्लेक्सनर अहवाल आहे. कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एवढी दोनच त्याने टिकवण्याजोगी ठरवली. उरलेली पाच १९२३ पर्यंत बंद पडली. शिकून डॉक्टर झालेल्या कृष्णवर्णीयांनाही अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या कित्येक स्थानिक संस्था सदस्य करून घेत नसत, म्हणून १८९५ मध्ये नॅशनल मेडिकल असोसिएशन ही वेगळी संघटना निघाली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने माफी मागितली ती २००८ मध्ये.

व्याख्याने, भित्तिपत्रके, रक्तदाब तपासणी असे कार्यक्रम महिनाभर होतात. मायदेशी प्रवेश नाकारला गेल्याने ग्लासगोहून १८३७ मध्ये पदवी घेतलेले जेम्स मॅक्क्यून स्मिथ, १८६४ मध्ये डॉक्टर झालेल्या रिबेका क्रम्पलर, रक्तपेढीचे शास्त्र उभारणारे चार्ल्स ड्रू ही नेहमीची नावे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथून रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १८६७ मध्येच पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या.

गौरवाचा भाग तसा सोपा. विद्यार्थ्यांची खरी कामगिरी दिसते ती पाठ्यपुस्तके आणि लॅबचे रिपोर्ट तपासायला घेतल्यावर. मूत्रपिंडाचे काम किती चालते याचा आकडा रक्तातील क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर २००९ च्या सूत्रात हा आकडा १.१५९ ने गुणला जाई. कारण काय, तर त्यांचे स्नायू अधिक भरीव असतात हे गृहीतक. प्रत्यारोपणाच्या यादीतला प्रतीक्षाकाळ आकडा २० किंवा त्याखाली आला की मोजला जाऊ लागतो. म्हणजे वय, लिंग, क्रिएटिनिन सगळे सारखे असताना एकाचा आकडा १८ येऊन त्याचे दिवस मोजले जाऊ लागत, तर दुसऱ्याचा जवळपास २१ येई आणि तो रांगेबाहेर राहत असे. वर्गात याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी अनेक ठिकाणी तगादा लावला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २०२० मध्ये हा गुणक सोडला आणि २०२१ मध्ये वंशाचा रकाना नसलेले नवे सूत्र आले. गुणकामुळे वाया गेलेला प्रतीक्षाकाळ रुग्णांच्या खाती परत जमा करण्याचे काम जानेवारी २०२३ पासून सुरू झाले.

त्वचेची गोष्टही अशीच. ऑक्सिजन कमी पडला की ओठ निळे होतात, असे पुस्तकात छापलेले असते. काळ्या त्वचेवर ती निळाई सहज दिसत नाही. ओठ उलटून आतली बाजू, जीभ, तळहात पाहावे लागतात. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधील विद्यार्थी मालोन मुकवेंडे यांनी दोन अध्यापकांसह २०२० मध्ये गडद त्वचेवरील लक्षणांची सचित्र पुस्तिकाच काढली. आपल्याकडच्या वॉर्डातही ती उपयोगी पडावी.

चळवळीचे सर्वांत ठळक दृश्य मात्र फेब्रुवारीतले नाही. मायकेल ब्राउन आणि एरिक गार्नर या कृष्णवर्णीयांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूप्रकरणी पोलिसांवर आरोप ठेवायला ज्युरींनी नकार दिल्यानंतर, १० डिसेंबर २०१४ रोजी ७० हून अधिक महाविद्यालयांचे विद्यार्थी पांढरे कोट घालून जमिनीवर निपचित पडून राहिले. ‘व्हाइट कोट्स फॉर ब्लॅक लाइव्ह्ज’ ही संघटना त्यातूनच उभी राहिली.