सरकारी कार्यालयांना सेवा पुरवताना: कंत्राटावर सही करण्याआधी आणि केल्यानंतर

साफसफाई, सुरक्षा, भाड्याची वाहने, डेटा एंट्री, संगणकांची देखभाल, लेखा किंवा तांत्रिक सल्ला अशा सेवा सरकारी कार्यालयांना पुरवणाऱ्या, किंवा पुरवू इच्छिणाऱ्या, आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. निविदा ऑनलाइन कशी भरायची ते यात नाही. ते पोर्टलवरच्या सूचनांत मिळते आणि एकदोनदा केले की हात बसतो. निविदा मिळाल्यानंतर छोटा पुरवठादार जिथे अडकतो, त्या जागांविषयी आम्ही इथे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. खुर्च्या पुरवल्या तर त्या कार्यालयात दिसतात, मोजता येतात. सेवा दिली की ती संपते. चार महिन्यांनी लेखापरीक्षकाने विचारले, की १४ तारखेच्या रात्रपाळीला गेटवर किती माणसे होती, तर त्याचे उत्तर त्या रात्री लिहिलेला आणि कार्यालयाने सही केलेला कागदच देऊ शकतो. तो नसेल तर काम झालेच नाही असे धरले जाते. म्हणून सेवेच्या कंत्राटात काम करणे आणि कामाचा पुरावा तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींचा खर्च दरात धरायला हवा.

तुमचा ग्राहक नेमका कोण?

सरकारी खरेदीसाठी देशभर लागू होईल असा एकच कायदा भारतात नाही. २०१२ साली संसदेत विधेयक आले होते, पण पंधराव्या लोकसभेबरोबर ते बारगळले. तामिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९), राजस्थान (२०१२) अशा काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले. केंद्र सरकारची कार्यालये सामान्य वित्तीय नियम २०१७ आणि वित्त मंत्रालयाच्या नियमपुस्तिकांनुसार चालतात. महाराष्ट्र शासनाच्या विभागांसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने दिलेली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्यात वेळोवेळी झालेले बदल पाहावे लागतात. महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे आणि महामंडळे यांना आपापले कायदे व ठराव आहेत.

याचा तुम्हाला थेट फरक पडतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे २०१२ चे खरेदी धोरण केंद्राच्या मंत्रालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना बंधनकारक आहे. वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची, त्यांना निविदा संच मोफत द्यायचा आणि बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची ठेव) माफ करायची, असे त्यात आहे. हीच सवलत नगरपालिकेच्या निविदेत आपोआप मिळेल असे धरून बयाणा रक्कम न भरणारे पुरवठादार तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदांच्या तपासणीत, बाद होतात. निविदेत सवलतीचा स्पष्ट उल्लेख शोधा. तो नसेल तर निविदापूर्व बैठकीआधी लेखी विचारा. तोंडी मिळालेल्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही. शुद्धिपत्रक (निविदेतली अधिकृत लेखी दुरुस्ती) निघाले तरच ते उत्तर खरे.

दुसरा प्रश्न सेवेच्या प्रकाराचा. वित्तीय नियम सल्लागार सेवा आणि इतर सेवा असा भेद करतात. सल्ल्यात बुद्धीचे काम असते, म्हणून तिथे गुणवत्तेला गुण देऊन निवड करण्याची पद्धत रुळलेली आहे. जिचे मोजमाप करता येते आणि जिचा दर्जा आधी ठरवता येतो ती इतर सेवा, जसे की सुरक्षा, स्वच्छता किंवा वाहने. तिथे बहुतेक वेळा सर्वात कमी दरच जिंकतो. वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी अशा सेवांतही गुणवत्तेला गुण देण्याची वाट मोकळी केली, पण त्या गुणांचा भार जास्तीत जास्त ३० टक्के ठेवला. आमच्या मते माणसांवर चालणाऱ्या सेवांमध्ये केवळ कमी दर पाहणे कामगारांवर आणि प्रामाणिक पुरवठादारांवर अन्याय करणारे आहे. तरीही आज निविदा जशी आहे तशीच ती वाचावी लागते.

दर लिहिण्याआधीचे गणित

गेटवर चोवीस तास एक रक्षक हवा, असे निविदेत एका ओळीत लिहिलेले असते. आठ तासांच्या पाळीने आठवड्यात २१ पाळ्या होतात. एक माणूस साप्ताहिक सुटी धरून सहा पाळ्या करतो. म्हणजे त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात, आणि रजा, आजारपण यांची बदली त्यावर वेगळी. तीन माणसांचा दर लिहिलात तर पहिल्याच महिन्यात कुणाला तरी सुटी नाकारावी लागेल किंवा जागा रिकामी राहील. जागा रिकामी राहिली की दंड आलाच.

किमान वेतनावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा प्रशासकीय आणि विमा आकारासह १३ टक्के आणि कामगार राज्य विम्याचा ३.२५ टक्के धरा. किमान ८.३३ टक्के बोनस, रजेचे वेतन, गणवेश हेही धरा. सेवाशुल्क, म्हणजे तुमचा स्वतःचा आकार, त्यानंतर येते. सेवाशुल्क शून्याजवळ नेऊन कंत्राट जिंकले, तर कमी पडणारे पैसे कुठून तरी काढावेच लागतात आणि बहुतेक ठिकाणी ते कामगाराच्या पगारातून काढले जातात. अशा निविदेसाठी आम्ही कागदपत्रे करून देत नाही.

किमान वेतनाचा महागाईशी जोडलेला भाग वर्षातून दोनदा बदलतो. वित्तीय नियमांनुसार दरवाढीचे कलम साधारणपणे अठरा महिन्यांहून लांब कंत्राटातच घालता येते. मग एका वर्षाच्या कंत्राटात वेतन वाढले तर वाढीव रक्कम कोण देणार? निविदेत ‘वैधानिक वाढ प्रत्यक्षानुसार अदा केली जाईल’ अशा अर्थाचे वाक्य आहे का, ते पाहा. नसेल तर दोन्ही वाढींचा अंदाज दरात घाला, किंवा निविदापूर्व बैठकीत हा मुद्दा लावून धरा.

हातातली रोकडही तपासा. सुरक्षा ठेव कंत्राटाच्या किमतीच्या काही टक्के असते आणि काम संपल्यावर साधारण ६० दिवसांपर्यंत अडकून राहते. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, बिल मंजूर झालेले असो वा नसो. कंत्राट अडीच लाखांपेक्षा मोठे आणि सेवा करपात्र असेल, तर कार्यालय २ टक्के जीएसटी कापून घेते. आयकराची कपात वेगळी. या रकमा पुढे वळत्या होतात, पण त्या महिन्यात हाती येत नाहीत. निदान तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या बळावर देता येत नसतील तर छोटी निविदा निवडा.

पंचायत किंवा नगरपालिका यांच्या घटनेत सांगितलेल्या कामांशी जोडलेल्या, केवळ सेवा असलेल्या काही कामांना जीएसटीतून सूट आहे. तुमचे काम त्यात बसते का, हे दर भरण्याआधी सीएंकडून लेखी घ्या.

कार्यादेशाआधी काम नाही

‘साहेबांनी सांगितलंय, उद्यापासून माणसं पाठवा, कागद मागून येईल.’ हे वाक्य ऐकून काम सुरू करणारे ग्राहक आमच्याकडे दरवर्षी येतात, आणि त्यांची प्रकरणे सर्वात अवघड असतात.

राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार केंद्राचे कंत्राट राष्ट्रपतींच्या आणि राज्याचे कंत्राट राज्यपालांच्या नावे व्हावे लागते, आणि त्यावर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचीच सही लागते. तसे नसेल तर सरकारवर त्या कंत्राटाचे बंधन राहत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने भिकराज जयपुरिया प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच सुमारास पश्चिम बंगाल विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कंत्राटदाराने बांधकाम करून दिले होते, सरकारने ते वापरलेही होते, पण रीतसर कंत्राट नव्हते. न्यायालयाने भारतीय करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार घेऊन मोबदला दिला. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला असेल, तर त्याने भरपाई द्यावी, असे ते कलम सांगते.

म्हणजे अशा वेळी दार पूर्ण बंद नसते. पण ७० व्या कलमाखाली मिळते ती भरपाई, तुमचा ठरलेला दर नव्हे. आणि ती मिळवायला काम केल्याचे, ते स्वीकारल्याचे आणि फायदा झाल्याचे सिद्ध करावे लागते. इमारत उभी दिसते. झाडलेली फरशी दुसऱ्या दिवशी कुठे दाखवणार?

महापालिका, जिल्हा परिषदा किंवा महामंडळे यांना २९९ वा अनुच्छेद लागू नसला तरी त्यांच्या कायद्यांत कंत्राट कोणी, कोणत्या मंजुरीने करायचे ते ठरलेले असते. तिथेही हीच काळजी घ्या. खरोखरच तातडी असेल, तर निदान अधिकाऱ्याचे सहीचे पत्र किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून आलेला आदेश घ्या आणि त्यात तारीख, माणसांची संख्या आणि दर लिहून घ्या.

मुदतवाढीचेही तेच. ३१ मार्चला कंत्राट संपते, नवी निविदा निघालेली नसते आणि काम मात्र चालूच राहते. १ एप्रिलनंतरची बिले मग तपासणीत अडकतात, कारण त्या काळासाठी आदेशच नसतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी कार्यालयाला पत्र द्या: मुदत अमुक दिवशी संपते, लेखी मुदतवाढ मिळाली नाही तर सेवा थांबवावी लागेल. हे पत्र देताना अनेकांना संकोच वाटतो. पण बहुतेक अधिकाऱ्यांना ते हवेच असते, कारण त्याच्या आधारे त्यांना वरिष्ठांकडे टिपणी सादर करता येते.

रोजचा कागद

हजेरीपत्रकावर रोज कार्यालयाच्या नेमलेल्या माणसाची सही घ्या, महिनाअखेरीस एकदम घेऊ नका. तो माणूस कोण, हे कार्यादेशात नसेल तर पहिल्याच आठवड्यात पत्र देऊन विचारा. काम वाढवून मागितले, जागा बदलली, एखाद्या दिवशी पाणी किंवा वीज नसल्याने काम झाले नाही, तर त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र आवक शाखेत देऊन पोचेचा शिक्का घ्या. दंडाची कपात कधी कधी सहा महिन्यांनी निघते, तेव्हा हाच शिक्का कामी येतो.

बिलासोबत आधीच्या महिन्याची भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विम्याची चलने, बँकेतून दिलेल्या पगाराची यादी आणि सेवा समाधानकारक असल्याचा दाखला जोडा. चलने मागण्याचे कारण असे, की कंत्राटदाराने कामगारांची देणी बुडवली तर ती मुख्य मालक म्हणून कार्यालयावर येतात. मार्चमध्ये न खर्चलेले अनुदान परत जाण्याआधी बिल आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (कार्यालयाची बिले काढून पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पोचले पाहिजे. फेब्रुवारीचे बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यातच द्या.

पैसे थकले तर

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सरकारी ग्राहकालाही लागू आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असे मानले जाते. रोजच्या कागदाचे महत्त्व इथे पुन्हा दिसते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे (असे थकबाकीचे वाद सोडवण्यासाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे) मागायची, आणि तिच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कंत्राट झाल्यानंतर केलेली नोंदणी मागच्या तारखेपासून लाभ देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) निविदा भरण्याआधीच करा. एका कार्यालयाशी वर्षानुवर्षे संबंध असले की परिषदेत जाणे जड जाते, हे आम्ही समजतो. पहिली पायरी म्हणून कायद्याचे कलम देऊन साधे स्मरणपत्र पाठवा. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे आणि सरकारवर दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ असे म्हणत बसू नका.

दंड, काळी यादी, लवाद

दंडाच्या कलमात कमाल मर्यादा आहे का ते पाहा. ती नसेल तर निविदापूर्व बैठकीत मागा. काळ्या यादीत टाकण्याआधी बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, हे तत्त्व १९७५ च्या एरुशियन इक्विपमेंट प्रकरणापासून पक्के आहे. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणात न्यायालयाने पुढे जाऊन सांगितले, की काळ्या यादीची कारवाई योजली आहे हे कारणे दाखवा नोटिशीतच दिसले पाहिजे. अशी नोटीस आली तर उत्तर मुदतीत आणि मुद्देसूद द्या. तोंडी समजूत घालून ती मिटत नाही.

लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करण्याच्या, कलमात ‘विभागप्रमुख नेमतील तोच लवाद’ असे लिहिलेले असेल, तर नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांनंतर मोठ्या रकमेच्या वादांसाठी लवादाचे कलमच वगळले जाऊ लागले आहे, त्यामुळे कलम आहे की नाही हेही पाहा.

आमच्याकडे येताना

मूळ निविदा सर्व शुद्धिपत्रकांसह, भरलेला दर, स्वीकृतीपत्र, कार्यादेश, करारनामा, उद्यम प्रमाणपत्र, हजेरीपत्रके आणि आवक शिक्का असलेला सगळा पत्रव्यवहार आणा. कागद कमी असतील तरी या. कार्यालयाकडची प्रत माहिती अधिकारात मागता येते आणि तिचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. सही करण्याआधी आलात तर सर्वात बरे, कारण तेव्हा कलमाविषयी प्रश्न विचारता येतात आणि निविदा न भरण्याचा निर्णयही तुमच्या हातात असतो.