म्हाडाच्या सोडतीचा अर्ज कुठे अडतो? पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

म्हाडाच्या घरांच्या सोडतीची जाहिरात आली की दाखले काढायला सेतू केंद्रासमोर रांग लागते, आणि त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना तिथेच कळतं की आपल्याला उशीर झाला आहे. २०२३ पासून सोडतीची पद्धत बदलली. पूर्वी आधी नंबर लागायचा आणि मग विजेत्याचे कागद तपासले जायचे. आता 'आयएचएलएमएस २.०' या प्रणालीत कागद आधी तपासले जातात आणि पात्र ठरलेला अर्जच सोडतीत जातो. म्हणजे कागद कच्चा असेल तर नशिबाची पाळीच येत नाही. नोंदणी मात्र एकदाच करायची असते आणि ती वर्षभर कधीही करता येते. त्यासाठी जाहिरातीची वाट पाहू नका.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा: वय १८ पूर्ण, गेल्या २० वर्षांत महाराष्ट्रात सलग १५ वर्षं वास्तव्य, आणि म्हाडाच्या ज्या विभागीय मंडळाच्या क्षेत्रासाठी अर्ज करताय तिथे तुमच्या, पती/पत्नीच्या किंवा अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर घर वा भूखंड नको. आई-वडिलांच्या नावावरचं घर आड येत नाही. गावाकडचं घर बऱ्याच योजनांत आड येत नाही, पण प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरासाठी अर्ज असेल तर देशात कुठेही पक्कं घर चालत नाही. दोन्ही प्रकारची घरं एकाच जाहिरातीत असतात आणि घोटाळा तिथेच होतो. संकेत क्रमांक (जाहिरातीत प्रत्येक योजनेला दिलेला क्रमांक) निवडताना योजनेचं नाव वाचा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते अधिवासाच्या दाखल्यावर. याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. तलाठ्याचा रहिवासी दाखला वेगळा, नगरसेवकाचं पत्र वेगळं; ही दोन्ही इथे उपयोगाची नाहीत. दाखला १ जानेवारी २०१८ नंतर काढलेला आणि बारकोड असलेला लागतो. कॉलेजच्या प्रवेशावेळी काढून फायलीत जपून ठेवलेला जुना दाखला खरा असतो, सहीशिक्क्याचा असतो, पण प्रणालीला तो पडताळता येत नाही. माणूस बदललेला नसताना नवा दाखला कशाला, हा प्रश्न रास्त आहे. संगणकाला तो विचारून उपयोग नाही. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवा काढा. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे १५ दिवसांत मिळायला हवा, पण जाहिरातीच्या हंगामात अर्जांचा ढीग पडतो आणि वास्तव्याच्या पुराव्यात एखाद्या वर्षाची फट निघाली की अर्ज परत येतो. शाळेचा दाखला, जुनी वीजबिलं, रेशनकार्ड अशी साखळी वर्षवार लावूनच जा.

लग्न झालेल्या बायकांना इथे आणखी एक त्रास. अधिवास माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पॅन तिसऱ्याच स्पेलिंगने. प्रणाली आधार आणि पॅन ताडून बघते, त्यामुळे आधी या दोघांवरचं नाव आणि जन्मतारीख एक करून घ्या, अधिवास मग त्याच नावाने काढा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात राहतो. विवाहित अर्जदाराला पती/पत्नीचंही आधार आणि पॅन द्यावं लागतं. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रत लागते. 'आम्ही वेगळे राहतो' एवढं सांगून भागत नाही.

दुसरी मोठी अडचण उत्पन्नाची, कारण घरं उत्पन्न गटांप्रमाणे वाटलेली असतात. मुंबई महानगर प्रदेशासारख्या मोठ्या शहरी क्षेत्रांत अत्यल्प गटाची मर्यादा वार्षिक ६ लाख, अल्प गटाची ९ लाख, मध्यम गटाची १२ लाख आणि त्यावर उच्च गट. उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प गट ४.५ लाख, अल्प गट ७.५ लाख, मध्यम गट १२ लाख. हे उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. नवऱ्याचे ५ लाख २० हजार आणि बायकोच्या शिकवण्यांचे दीड लाख, म्हणजे ६ लाख ७० हजार. हे कुटुंब मुंबईत अल्प गटात गेलं. नुसत्या नवऱ्याच्या आकड्यावर अत्यल्प गटात भरलेला अर्ज बाद होतो. आपल्या गटाच्या वर अर्ज करायची मुभा असते (किती वर, ते त्या जाहिरातीत बघा), खाली उतरता येत नाही.

पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा उत्पन्न दाखला. फॉर्म १६ आणि पगाराच्या पावत्या जोडून वेळ घालवू नका. आणि वर्ष! अर्जात मागितलेलं वर्ष आर्थिक वर्ष असतं, विवरणपत्रावर ठळक छापलेलं मूल्यांकन वर्ष असतं. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ चं उत्पन्न मागितलं असेल तर विवरणपत्रावर मूल्यांकन वर्ष २०२४-२५ दिसायला हवं. '२०२३-२४' छापलेलं बघून लोक आदल्या वर्षीचं विवरणपत्र निर्धास्तपणे चढवतात आणि अपात्र ठरतात. विवरणपत्र भरून ई-पडताळणी करायची राहिली असेल तर ते भरलेलंच नाही असं समजा. तहसीलदाराच्या दाखल्यावरही कोणत्या वर्षाचं उत्पन्न लिहिलंय ते खिडकीवरून हलायच्या आधी वाचा.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांसाठी: अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, भटक्या जमाती आणि विमुक्त जाती प्रत्येकी १.५ टक्के. जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचाच हवा.

अर्ज भरणं अर्ध्या तासाचं काम. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. अनामत रक्कम गटाप्रमाणे वेगळी. नंबर लागला नाही तर ती खात्यात परत येते. खातं अर्जदाराच्याच नावाचं द्या. बँकांच्या विलीनीकरणात बऱ्याच शाखांचे आयएफएससी बदलले आहेत, जुन्या पासबुकावरून कोड उतरवू नका.

मुदतीची तारीख एक नसते, तीन-चार असतात. अर्ज भरण्याची शेवटची तारीख वेगळी, ऑनलाइन अनामत भरण्याची वेगळी, आरटीजीएसची (बँकेत चलन देऊन भरण्याची) आणखी वेगळी. ऑनलाइन भरणा रात्री ११:५९ पर्यंत चालतो, म्हणून आरटीजीएसचं चलनही रात्रीपर्यंत चालेल असं नाही. ते बँकेच्या कामकाजाच्या वेळेतच. त्यानंतर अर्जांची प्रारूप (कच्ची) यादी लागते. आपलं नाव तिथे नसेल किंवा चुकीच्या गटात असेल तर हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. लोक थेट सोडतीच्या दिवशी नाव शोधतात; तोवर अंतिम यादी लागलेली असते आणि काही करता येत नाही.

दलालांबद्दल एवढंच: म्हाडाने कुणालाही नेमलेलं नाही, आणि सोडत संगणकीय आहे. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळंही फिरतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहा.

नंबर लागला की खरी धावपळ. देकार पत्र (घर देऊ केल्याचं म्हाडाचं पत्र) मिळाल्यावर साधारणपणे ४५ दिवसांत २५ टक्के आणि पुढच्या ६० दिवसांत उरलेले ७५ टक्के भरायचे असतात. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी इथलं अत्यल्प गटाचं घर सुमारे ३० लाखांचं होतं. म्हणजे दीड महिन्यात साडेसात लाख उभे करायचे, आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षाला सहा लाख! हे गणित मांडणाऱ्यांनी ते कोणत्या पगारावर मांडलं, ते त्यांनाच ठाऊक. बँक घराचं मूल्य बघते, पण हप्ता ठरवते पगारावरून. विवरणपत्रात जेमतेम उत्पन्न दाखवलेल्या माणसाला ३० लाखांच्या घरावर बँक १४-१५ लाखच देऊ करते, असं होतं. म्हणून अनामत भरण्याआधीच बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल हे लेखी विचारा, आणि पहिले २५ टक्के कर्जाविना कुठून येणार ते कागदावर लिहा. विकून निघू, असंही धरू नका. ताब्यानंतर पाच वर्षं ते घर विकता येत नाही.