विळा, कोयता आणि छाटणीची कात्री: आपल्याकडच्या धारेची पार्श्वभूमी

विळीची नाहीतर कात्रीची धार गेली की आता आपण सरळ नवीन आणतो. पण आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात धार लावायची अख्खी एक व्यवस्था होती, आणि ती का बदलत गेली हे बघायचं तर लोखंडापासनंच सुरुवात करायला लागते.

महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या जांभ्या दगडात लोखंड आहे. धावड लोक लाकडाच्या कोळशावर भट्ट्या लावून ते गाळायचे. ह्या लोखंडात कार्बन कमी, म्हणजे ते मऊ, तापवून पाणी दिलं (म्हणजे लाल असताना एकदम पाण्यात बुडवून कडक करायचं) तरी फारसं कडक होत नाही, आणि नुसतं दगडावर घासून त्याची धार टिकत नाही. म्हणून लोहार पातं लाल करून ठोकायचा, काठ पातळ काढायचा, जमेल तिथं धारेला पोलाद जोडायचा. ह्यालाच आपल्याकडं शेवटणं म्हणतात. फाळ, कुदळ, खुरपं, कुऱ्हाड सगळं गावच्या लोहाराकडं शेवटायला जायचं आणि त्याचा मोबदला सुगीला खळ्यावरनं बलुतं म्हणून धान्यात. वर्षभराचा संबंध असल्यामुळं हत्यार बोथट झालं की पैशाचा विचार न करता लोक लगेच भात्यापाशी जाऊन बसायचे, हे मला त्या व्यवस्थेतलं फार महत्त्वाचं वाटतं (बलुतेदारीत जातीची बांधणी होती आणि ती अन्यायाची होती, ते विसरून चालणार नाही). पुढं इंग्रजांच्या काळात जंगलावर बंधनं आली, कोळसा मिळेना, त्यात विलायती लोखंड स्वस्त पडायला लागलं आणि धावडांच्या भट्ट्या बंद पडल्या.

घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, मात्र फिरतेच राहिले. गावाबाहेर बैलगाडी सोडायची, जमिनीत छोटी भट्टी करायची, गडी सांडशीत लोखंड धरणार आणि बाई घण मारणार.

शिकलगारांची गोष्ट वेगळी. त्यांचं पिढीजात काम तलवारी-कट्यारी उजळायचं आणि पाजळायचं. १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, गादी इथं आली, तेव्हा असल्या कामाला तोटा नव्हता. १८४८ ला राज्य खालसा झालं, १८७८ चा हत्यार कायदा आला, तलवारच घरात राहिना म्हटल्यावर तो हात सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते ह्यांच्याकडं वळला. बारीक धारेचं काम लोहारापेक्षा शिकलगाराकडं द्यायची रीत त्यातनंच आली.

मग १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा केला, आताची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र तिथं बनायचं. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी सुरुवातीला नांगर घेईनात, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण धारेच्या बाबतीत कडबा यंत्र जास्त महत्त्वाचं, कारण त्याची पाती खोलून काढता येतात, म्हणजे यंत्र जाग्यावर ठेवून नुसतं पातं धारेला न्यायचं.

खरा बदल मोटारी आल्यावर झाला. ट्रकच्या कमानपाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बनचं असतं, ते पाणी धरतं, आणि मोडीत सहज मिळतं. लोहार त्याचेच कोयते करायला लागले. तोवर कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले, बीडकडनं ऊसतोड टोळ्या यायला लागल्या, दिवसभर ऊस तोडायचा तर कोयत्याला दिवसातनं कितीदा तरी कानस नाहीतर दगड लागतो. शेवटणं कमी झालं आणि घासणं वाढलं ते इथनं. दगडही बदलला, अमेरिकेत ॲचेसननं १८९१ मध्ये भट्टीत कार्बोरंडम (घासायला वापरायचा फार कठीण, कृत्रिम पदार्थ) तयार केलं होतं, त्याचे दगड नंतर बाजारात स्वस्त झाले. सायकलच्या पॅडलवर चाक फिरवणारा धारवाला दारात यायला लागला तो ह्याच दगडाच्या जोरावर.

आता विजेवरचं ग्राइंडर आहे, पण चांगल्या कोयत्याला ते लावू नये असं मी ठामपणे सांगेन. जोरात दाबलं की काठ निळा पडतो, म्हणजे तिथं जवळजवळ तीनशे अंश उष्णता झाली आणि दिलेलं पाणी उतरलं, मग ती धार कितीही चकाकली तरी लगेच बोथट होते.

तासगावकडं द्राक्षबागा वाढल्या तशी छाटणीची कात्री घरोघरी आली. ही कात्री मुळात फ्रान्समध्ये १८१५ च्या सुमारास निघाली आणि तिथल्या द्राक्षमळ्यांतच रुळली. आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा वर्षातनं दोनदा तिच्यावर ताण येतो. बोथट कात्री काडी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेली काडी मागं वाळत येते. हिच्या पात्याला एकाच बाजूला उतार असतो, दगड तेवढ्याच बाजूनं फिरवायचा, सपाट बाजूला फक्त आडवा टेकवून आलेला कंगोरा (घासल्यावर काठावर उलटलेली बारीक कड) काढायचा. दोन्हीकडनं घासली तर दोन पात्यांत फट पडते आणि मग ती कात्री कुठलाच धारवाला नीट करून देऊ शकत नाही.