पूर ओसरल्यावर भिंत कशी वाळते

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि ते ओसरताच घराघरांतून गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांवर आली होती. गणपतीपूर्वी घराची रंगरंगोटी करण्याची कोकणात रीत आहे. परंतु पुरात भिजलेल्या भिंतीवर इतक्या लवकर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट चढवणे हे पुराने केलेल्या नुकसानीत स्वतःहून भर घालण्यासारखे आहे. त्याचे कारण भिंतीच्या आत दडलेले असते.

पहिल्या दिवसाची कामे बहुतेकांना ठाऊक असतात. मेन स्विच बंद करावा आणि इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नये, कारण बाहेरचा वीजपुरवठा तुटलेला असला तरी इन्व्हर्टरमुळे घरातल्या तारांमध्ये वीज खेळत राहू शकते. गाळ ओला असतानाच काढावा, कारण त्यातले चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण वाळल्यावर दगडासारखे घट्ट होतात. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतात, म्हणून गमबूट आणि हातमोजे वापरावेत. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर योग्यच आहे, मात्र तिच्यात फरशी धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो.

भिंतीचा प्रश्न याहून चिवट आहे. मातीची वीट सच्छिद्र असते आणि आपल्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत पाणी ती सहज शोषू शकते. ३ किलोची एक वीट साधारण ४५० ग्रॅम पाणी धरते असे मानले आणि नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये शंभरेक विटा असतात हे लक्षात घेतले, तर तेवढ्याच तुकड्यात ४०-४५ लिटर पाणी मुरलेले असू शकते. कोकणातला जांभाही असाच पाणी पिणारा दगड आहे. शिवाय सूक्ष्म छिद्रांमधून पाणी केशाकर्षणाने वर चढते, त्यामुळे ओलीची रेषा बऱ्याचदा पुराच्या खुणेच्याही वर गेलेली दिसते. एवढ्या पाण्याची वाफ होण्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २५ ते ३० युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. ती बहुतांशी सभोवतालच्या हवेतूनच मिळवावी लागते.

आणि पावसाळ्यातली हवा या कामी फारशी उपयोगाची नसते. २७ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्यातली २३ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीतली सगळी हवा मिळून मग जेमतेम ७०-७५ ग्रॅम पाणी उचलू शकते, म्हणजे अर्धा कपसुद्धा नाही. म्हणूनच सरीवर सरी कोसळत असताना खिडक्या उघड्या टाकल्याने भिंत वाळत नाही. अशा वेळी दारे-खिडक्या लावून एसी किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र चालवणे आणि उघडीप मिळताच सगळे उघडून पंखे लावणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. अर्थात वीजजोडणी तपासून घेतल्यानंतरच.

भिंत दोन टप्प्यांत वाळते. पहिल्या टप्प्यात आतले पाणी द्रवरूपातच पृष्ठभागापर्यंत येत राहते, तिथे त्याची वाफ होते आणि वाळण्याचा वेग हवेवर अवलंबून असतो. पुढे ओलीची सीमा आत सरकते. आता वाफेला छिद्राछिद्रांतून वाट काढत बाहेर यावे लागते आणि पंखा कितीही जोरात फिरवला तरी वेग फारसा वाढत नाही. या टप्प्यात लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाड भिंतीला चौपट वेळ लागतो. फसगत इथेच होते. वरचा गिलावा कोरडा लागतो, रंगारी काम सुरू करतो, रंगाचा अभेद्य थर वाफेची वाट अडवतो आणि काही आठवड्यांत फुगे येऊन पोपडे सुटू लागतात. सणासाठी भिंत उजळायचीच असेल, तर चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून वाफ आरपार जाते. पक्क्या रंगासाठी निदान हिवाळ्यातली कोरडी हवा येईपर्यंत थांबावे आणि तेव्हाही भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव धरले, तर भिंत अजून ओली आहे.

बुरशीला मात्र इतका धीर नसतो. भिजलेल्या गादीवर, पुठ्ठ्यावर, जिप्समच्या पार्टिशनवर ती २४ ते ४८ तासांत रुजू लागते, म्हणून अशा वस्तूंबाबत मोह न धरलेलाच बरा. पार्टिकल बोर्डची कपाटे एकदा फुगली की पूर्ववत होत नाहीत. सागवानी फर्निचर वाचते, पण ते सावलीत सावकाश वाळवावे. कडक उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो आणि लाकडाला तडे जातात.

भिंत वाळल्यावर तिच्यावर पांढरा लोणा फुटतो. पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाणी उडून गेले की त्यांचे स्फटिक मागे उरतात. हे स्फटिक छिद्रांच्या आत वाढले, तर त्यांच्या दाबाने गिलावा भुरभुरतो. त्यातले काही क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात. साधे मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागते, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात कुठेही गळती नसताना तीच भिंत पुन्हा सादळलेली दिसू शकते. लोणा ओल्या फडक्याने पुसला, तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत भरून घराबाहेर टाकावा आणि नवा फुटेल तसा पुन्हा झाडावा.