इंग्रजी वाक्यप्रकार : बेळगाव सीमाभागातील मराठी वर्गात

पूर्ण अर्थ सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, ही व्याख्या इंग्रजीच्या शालेय व्याकरणातही चालते. वाक्याचे दोन भाग पडतात. ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य म्हणजे ‘सब्जेक्ट’, आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय म्हणजे ‘प्रेडिकेट’. हेतूवरून वाक्ये चार प्रकारची : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी. रचनेवरून तीन : केवल, संयुक्त आणि मिश्र. मराठी व्याकरणातही हीच नावे भेटतात आणि त्यात नवल नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले. तेव्हापासून मराठीचे शालेय व्याकरण बरेचसे इंग्रजीच्या वळणावर घडत गेले. त्यामुळे नावे पाठ करायला मुलांना वेळ लागत नाही. अडते ते वाक्य बांधताना.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेतले मूल आज घरी मराठी बोलते, बाजारात आणि बसमध्ये कन्नड ऐकते, आणि वर्गात या दोन्हींसोबत इंग्रजी शिकते. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडी. तरी वाक्याच्या ठेवणीत दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्ता आणि कर्म यांच्या मधे बसते. म्हणजे मुलाच्या दोन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे.

खरी परीक्षा प्रश्नार्थी वाक्यात होते. ‘बस खानापूरला जाते’ या वाक्याचा प्रश्न करायचा तर इथला माणूस शेवटी ‘काय’ जोडून मोकळा होतो : ‘बस खानापूरला जाते काय?’ कन्नडमध्ये तर नवा शब्दही लागत नाही. ‘बस्सु खानापुरक्के होगुत्ते’ मधल्या शेवटच्या स्वराचा ‘आ’ केला की ‘होगुत्ता?’ हा प्रश्न तयार. दोन्हीकडे प्रश्नाची खूण वाक्याच्या शेपटीला. इंग्रजीत मात्र ‘द बस गोज टु खानापूर’ याचे ‘डज द बस गो टु खानापूर?’ होते. अर्थाला ज्याची काही गरज नाही असे ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद कुठूनतरी येऊन वाक्याच्या तोंडाशी उभे राहते. ‘गोज’ मधला शेवटचा ‘ज’ उडी मारून ‘डज’ मध्ये जातो आणि मागे नुसते ‘गो’ उरते. फळ्यावर हा ‘ज’ रंगीत खडूने लिहून बाणाने पुढे नेऊन दाखवला तर ‘डज द बस गोज’ ही नेहमीची चूक बरीच कमी होते. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ ही चूकही याच घराण्यातली : प्रश्नशब्द पुढे आला, पण ‘आर’ला कर्त्याच्या आधी न्यायचे राहून गेले.

दुसरी अडचण कर्त्याची. मराठीत ‘गेलो’ आणि कन्नडमध्ये ‘होदे’ म्हटले की ‘मी’ आपोआप कळतो, म्हणून कर्ता गाळला तरी चालते. इंग्रजी विधानात कर्ता लागतोच. नसेल तर नावापुरता उभा करावा लागतो. जुलैत खिडकीबाहेर बघून मूल म्हणते, ‘पाऊस यायलाय’. शेजारचे कन्नड मूल म्हणते ‘मळे बरुत्तिदे’, म्हणजे तेच, पाऊस येतो आहे. मग वहीत उतरते ‘रेन इज कमिंग’. ते व्याकरणाने चूक नाही, पण इंग्रजीची रीत ‘इट इज रेनिंग’ अशी आहे. यातला ‘इट’ कोण, हा मुलांचा प्रश्न रास्तच आहे. तो कोणीच नाही. कर्त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून बसवलेला आहे.

आज्ञार्थी वाक्यात उलटा प्रकार. तिथे इंग्रजी ‘यू’ गाळते. मराठीतला ‘ये’ आणि ‘या’ किंवा इकडच्या कन्नडमधला ‘बा’ आणि ‘बर्री’ हा भेद तिच्या क्रियापदात नाही; धाकट्याला आणि आजोबांना एकच ‘कम’. आदर दाखवायचा तर ‘प्लीज’ लावावे लागते, नाहीतर आज्ञेलाच प्रश्नाचा वेश द्यावा लागतो : ‘वुड यू कम इन?’ रूप प्रश्नार्थी, हेतू विनंतीचा. शालेय पुस्तके रूप आणि हेतू एकाच रकान्यात कोंबतात, आणि हुशार मूल नेमके इथेच गोंधळते. उद्गारार्थीबद्दल ‘व्हॉट’ आणि ‘हाऊ’ने सुरू होणारी रचना लक्षात ठेवली तरी पुरते.

रचनेच्या प्रकारांत केवल आणि संयुक्त सोपे. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ यांची कामे ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ करतातच. मिश्र वाक्य मात्र सवड मागते. ‘येतो म्हणून सांगितलं त्यानं’ असे इथे सहज बोलले जाते. कन्नडमध्ये ‘बरुत्तेने अंत हेळिद’. दोन्हींत सांगितलेली गोष्ट आधी, मग ‘म्हणून’ किंवा ‘अंत’, आणि सांगण्याची क्रिया त्यानंतर. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वुड कम’ : मुख्य वाक्य आधी, गौण वाक्य ‘दॅट’च्या मागून. शिवाय ‘येतो’ मधला ‘मी’ बदलून ‘ही’ होतो आणि काळही एक पायरी मागे सरकतो. एका वाक्यात तीन बदल. म्हणून हे वाक्य शिकवताना आधी फक्त क्रम फिरवून घ्यावा, मग सर्वनाम, आणि काळ सर्वांत शेवटी.