कंबर दुखते म्हणून वाकायचंच नाही?

‘कंबर धरली की वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, पट्टा सोडायचा नाही’ हा सल्ला मुंबईत घरोघरी फुकट मिळतो. दुखणं 3 महिन्यांपेक्षा जुनं असेल, तर तो बहुधा उलटा पडतो. एव्हाना मूळ इजा सहसा भरून आलेली असते. मज्जासंस्था मात्र हळवी झालेली असते. धास्तीने हालचाल टाळली की स्नायूंची ताकद जाते, मग थोडक्या श्रमानेही दुखतं आणि धास्ती पक्की होते. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली हे चक्र सविस्तर मांडलं. एमआरआयमधल्या ‘(मणक्यांमधली) गादी सरकली’नेही घाबरू नका: काहीही न दुखणाऱ्या 20 वर्षांच्या सुमारे 30 टक्के लोकांत फुगलेली गादी दिसते.

हे चक्र तोडायला फिजिओथेरपिस्ट आधी भीती वाटणाऱ्या हालचालींची चढती यादी करतात: वाकून चप्पल घालणं, बादली उचलणं, दादरच्या पुलाचे जिने, गर्दीची लोकल. सुरुवात सोप्यापासून. उदाहरणार्थ, बादलीत 2 लिटर पाणी, 8 वेळा उचलायची; आठवडाभर जमलं की 1 लिटर वाढवायचं. दुखणं 0 ते 10 च्या मोजपट्टीवर 2 अंकांनी वाढून 24 तासांत उतरलं, तर चालतं.

घोळ होतो तो बरं वाटणाऱ्या दिवशी. उत्साहात दुप्पट करतात आणि दोन दिवस आडवे! ठरलेला आकडा झाला की थांबायचं. श्वास रोखून, कंबर ताठ धरून केलेला व्यायामही धास्तीच जपतो.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद घटत जाणं, कंबरदुखीसोबत ताप: इथे मात्र व्यायाम नाही, ताबडतोब डॉक्टर.